जगदाळे डॉक्टरांचा सायलेन्सर

जगदाळे डॉक्टर माणसांना अरे-तुरे करायच्या आणि म्हशींना अहो-जाहो.

हे मी पहिल्यांदा ऐकलं ते मांजरीतल्या बबन शेवाळेच्या गोठ्यात. हडपसरला आमच्या सोसायटीत डॉक्टर तळमजल्यावर राहायच्या आणि त्यांच्या बरोबर वर, पहिल्या मजल्यावर आम्ही. मी मांजरीच्या शाळेत शिकवायचो. सकाळी माझी बस चुकली की त्या आपल्या पिकअपचं दार आतून ढकलून उघडायच्या. "चढ, मास्तर. वाटेत एक पेशंट आहे. पाच मिनिटं लागतील." ती पाच मिनिटं कधी पाच असायची नाहीत, पण बसपेक्षा मला ती गाडी आवडायची.

त्या दिवशीचा पेशंट म्हणजे खूर दुखावलेली एक धिप्पाड म्हैस होती. डॉक्टर तिच्या पोटाला हात लावून उभ्या राहिल्या आणि अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, जरा डावा पाय उचलता का? हां. अजून थोडा. आभारी आहे." मग मान वळवून बबनला म्हणाल्या, "तू शेपटी धर आणि तोंड बंद ठेव."

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "डॉक्टर, म्हशीला अहो?"

"मग काय पहिल्याच भेटीत अगं म्हणू? ओळख ना पाळख."

"आणि बबनला?"

"त्याला मी दहा वर्षं ओळखते."

पन्नाशी ओलांडलेल्या, बुटक्या, रुंद खांद्यांच्या. केस बारीक कापलेले आणि पूर्ण पांढरे. अंगात पुरुषी शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. ते बूट त्या घराबाहेरच्या पायरीवर ठेवायच्या आणि कुणी ते हलवले तर पुढचा अर्धा दिवस सोसायटीत त्याचा पंचनामा चाले. डाव्या हाताचा अंगठा वाकडा होता. एका बैलानं तो फळीवर दाबला होता. "चूक माझी होती," त्या सांगायच्या. "मी घाईत होते, तो नव्हता." लग्न केलं नव्हतं. का, हे विचारायची कुणाची छाती होत नसे. एकदा हळदीकुंकवाला कुणीतरी विचारलंच, तर म्हणाल्या, "एक स्थळ आलं होतं. चांगला होता मुलगा. पण त्याला घोड्याजवळ गेलं की शिंका यायच्या."

आमचे चेअरमन करंदीकर. जन्म सदाशिव पेठेतला. मुलाच्या नोकरीसाठी हडपसरला राहायला आले, तेव्हापासून आपण वनवासात आहोत असंच ते धरून चालले होते. डॉक्टर सत्तरीच्या पुढच्या माणसांना 'तुम्ही' म्हणत, म्हणून करंदीकरांच्या वाट्याला तेवढा मान येई. दोघांचं बोलणं ऐकायला मी कितीदा जिन्यात रेंगाळलो असेन.

"डॉक्टर, आपल्या गाडीला गोठ्याचा वास येतो."

"येतो ना? मला वाटलं एकटीलाच येतो. छान आहे, नाही?"

"वासाबद्दल माझं काही म्हणणं नाही. पार्किंग सर्वांचं आहे, एवढंच सुचवायचं होतं."

"मग वासही सर्वांचाच की."

त्यांची एक गोष्ट मला फार मोठी वाटायची. त्या 'बघू' म्हणत नसत. तपासून झालं की 'होईल' म्हणत किंवा 'होणार नाही' म्हणत, आणि दोन्ही एकाच आवाजात. बबनकडची एक म्हातारी गाय बसली ती उठेना, तेव्हा तिच्या मानेखाली हात घालून बराच वेळ बसून राहिल्या आणि मग म्हणाल्या, "होणार नाही, बबन." बबनची आई रडायला लागली. डॉक्टरांना त्या दिवशी आणखी दोन ठिकाणी जायचं होतं. त्यांनी दोन्हीकडे फोन करून उद्या येते म्हणून कळवलं आणि तिथंच गोणपाटावर बसून राहिल्या. दुपारी गाय गेली. तोवर त्यांनी त्या गायीच्या सगळ्या वासरांची चौकशी केली, कोण कुठं दिलं, कुणाला किती दूध आहे. आई रडता रडता सगळं सांगत होती. मरणाच्या दारात बसून दोघी बायका एखाद्या घरातल्या लेकी-सुना मोजत असाव्यात, असं ते बोलणं होतं.

आता रोशनीबद्दल सांगायला हवं.

रोशनी ही अन्वरचाचांची पांढरी घोडी. अन्वरचाचा भवानी पेठेतले. त्यांच्या आजोबांचा टांगा होता, वडिलांचाही टांगाच. टांगे गेले, पण घोडे सोडवले नाहीत, म्हणून चाचांनी लग्नाच्या वरातीला घोडी द्यायला सुरुवात केली. रोशनी जन्मली तेव्हा तिला ओढून बाहेर काढणारे हात जगदाळे डॉक्टरांचे होते. गल्लीतून त्यांची पिकअप वळली की रोशनी मान वर करून फुरफुरायची.

त्या वर्षी एका वरातीत नवरदेवाच्या मित्रांनी मोटारसायकली आणल्या होत्या. सायलेन्सर बदललेले. गाडी जागेवर उभी करून चावी बंद-चालू केली की आतून बंदुकीसारखे बार निघायचे. नवरदेव नुकताच खाली उतरला होता, हे त्याचं नशीब. एक बार रोशनीच्या अगदी मागे झाला. ती चाचांच्या हातून लगाम हिसकून पळाली आणि रस्त्याच्या मधल्या लोखंडी कठड्यावर आदळली. मागचा उजवा पाय फाटला.

जखम वरून भरत आली, पण आतून पू येतच राहिला. डॉक्टरांनी पायाचा एक्स-रे काढला. हाडाची एक कपची सुटून आत रुतून बसली होती. "ही काढावी लागेल. इथं गल्लीत उभं करून होणार नाही," त्यांनी चाचांना सांगितलं. "टेबलावर घ्यायला हवं, पूर्ण भूल देऊन. शहराच्या पार त्या टोकाला मोठ्या जनावरांचं हॉस्पिटल आहे, तिथं माझ्या ओळखीचे सर्जन आहेत. आपण नेऊ."

"आणि नाही नेलं तर?"

"पू सांध्यात उतरेल. मग माझ्याकडे एकच इंजेक्शन उरतं, चाचा, आणि ते मला द्यायचं नाहीये."

पहिल्या प्रयत्नाच्या दिवशी रविवार होता. मीही गेलो होतो. पिकअपचा हौदा डॉक्टरांनी खास करून घेतलेला. तळाला रबर, बाजूंना गाद्या, चढायला बुटकी उतरती फळी. इंजिन बंद होतं. चाचा पुढे, डॉक्टर बाजूनं बोलत बोलत, आणि रोशनी लंगडत का होईना, सरळ चढली. फळी वर घेतली, कड्या लावल्या. डॉक्टरांनी चावी फिरवली.

पिकअपचा सायलेन्सर त्या वेळी पार कुजलेला होता. आधी एक फट्‌ असा आवाज आला आणि मग फाटक्या पत्र्यासारखा घरघराट. हौद्यात रोशनी मागच्या दोन पायांवर उभी राहिली. चाचा कोपऱ्यात दाबले गेले. तिच्या लाथेनं मागच्या फळीची कडी तुटली आणि ती तशीच उलटी खाली उतरली, जवळजवळ कोसळलीच. पायातून रक्त वाहायला लागलं. डॉक्टर इंजिन बंद करून धावत मागे गेल्या. रोशनी गल्लीच्या टोकाला भिंतीला चिकटून थरथरत उभी होती. त्या दिवशी तिनं डॉक्टरांनाही जवळ येऊ दिलं नाही.

मी म्हणालो, "जरा जास्त गुंगी देऊन नेता येणार नाही का?"

"गुंगीनं पाय लटपटतात, मास्तर, कानातली भीती जात नाही. चालत्या गाडीत ती पडली तर दुसरा पायही जाईल." मग त्या पिकअपच्या मागे उकिडव्या बसल्या आणि खाली वाकून पाहिलं. "दोष तिचा नाही. माझ्या गाडीचा आहे. गोमूत्रानं काय काय बरं होतं म्हणतात ते मला माहीत नाही, पण सायलेन्सर मात्र सहा महिन्यांत जातो."

असा गाद्यांचा हौदा दुसऱ्या कुणाच्या गाडीला नव्हता, आणि त्यांची गाडी जुनी. कंपनीत चौकशी केली तर महिनाभर थांबा म्हणाले. महिना रोशनीकडे नव्हता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर त्या मला घेऊन नाना पेठेत गेल्या. गाड्यांच्या सुट्या भागांच्या त्या गर्दीत सत्तरी ओलांडलेल्या इक्बालभाईंचं दुकान आहे. त्यात छतापासून जमिनीपर्यंत फक्त सायलेन्सर टांगलेले. चकचकीत, काळे, जाड, बारीक, तोफेच्या तोंडाचे.

"या मॅडम. कोणता दाखवू? खुला, अर्धा खुला?"

"सगळ्यात गप्प कोणता आहे?"

इक्बालभाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "गप्प?"

"गप्प."

"मॅडम, इतकी वर्षं हे दुकान चालवतोय. लोक येतात ते आवाज वाढवायला. कमी करायला आलेल्या तुम्ही पहिल्या."

"मग पेढे मागवा."

काउंटरला टेकून फुरसुंगीकडचा एक तरुण उभा होता. बाहेर त्याची नवीकोरी, उंच चाकांची पिकअप उभी होती आणि तिला दोन नळकांडी बसवायचं चाललं होतं. त्याला राहवलं नाही. "म्याडम, आवाजच नाय तर गाडीत मजा काय? आपल्या गाडीला आवाज हाय, म्हणून येशीपासनं कळतं, कोन आलंय."

"कुणाला कळतं रे?"

"समद्यांला."

"आणि कळल्यावर काय करतात? ओवाळायला येतात?"

तो आधी गोंधळला आणि मग मोठ्यानं हसला. डॉक्टरांनी त्याला रोशनीची हकीकत सांगितली. सांगताना त्यांनी त्याच्या गाडीकडे एकदाही बोट दाखवलं नाही. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "माझा कंपनीचा काढून टाकलेला मागं पडलाय. कोरा हाय. घ्या की." इक्बालभाईंनी मान हलवली. तो त्या जुन्या गाडीला बसण्यातला नव्हता. "राहू दे तरी," डॉक्टर म्हणाल्या. "चांगल्या मनानं दिलेलं परत करू नये."

मग निवड सुरू झाली. इक्बालभाईंनी तीन काढले. एक जाड, चमकदार, आतून आरपार मोकळा. तो डॉक्टरांनी मागितला नव्हता, पण "ऐकून तरी बघा" असा त्यांचा आग्रह. दुसरा कंपनीच्या मालाची हुबेहूब नक्कल, पत्रा हलका. तिसरा काळा आणि जड, आत आडव्या भिंती घालून केलेले कप्पे आणि कप्प्यांत काचेच्या धाग्यांचा कापूस ठासलेला.

"इथं चालू करून ऐका आणि सांगा," इक्बालभाई म्हणाले.

"मी ऐकून काय उपयोग? मला थोडंच हौद्यात उभं राहायचंय? रविवारी तिन्ही घेऊन मांजरीला या. परीक्षक तिथं आहेत."

रविवारी इक्बालभाईंचं दुकान बंद. ते खरोखर आले. मला वाटतं, बाईंचं डोकं ठिकाणावर आहे का, हे बघायलाच आले असावेत. दुपारची वेळ होती. बबनच्या गोठ्यात म्हशी डोळे अर्धे मिटून बसल्या होत्या आणि सगळ्यांची तोंडं सावकाश, एका लयीत हलत होती.

"जनावर निवांत असलं की रवंथ करतं," डॉक्टरांनी इक्बालभाईंना सांगितलं. "मनात जराशी शंका आली की तोंड थांबतं. नाटक करता येत नाही त्यांना. बसवा तुमचा पहिला."

पहिला बसवला. पिकअप गोठ्याच्या तोंडाशी उभी करून चावी फिरवली. धडधडाट झाला आणि साऱ्या तोंडांची हालचाल एकदम थांबली. एक म्हैस उठून उभी राहिली आणि तिनं आपलं मत शेणाच्या रूपानं मांडलं.

"नापास," डॉक्टर म्हणाल्या. "कारण विचारू नका, समोर पडलंय."

दुसरा बसवेपर्यंत म्हशी पुन्हा निवल्या. तो चालू केला तर खरंच शांत वाटला. मला तर तोच पसंत पडला. पण डॉक्टरांनी ॲक्सिलरेटर थोडा दाबून धरला. कोपऱ्यातल्या सगळ्यात वयस्क म्हशीचं तोंड थांबलं. मग शेजारणीचं.

"मला तर काही ऐकू येत नाही," इक्बालभाई म्हणाले.

"छातीवर हात ठेवा."

त्यांनी ठेवला. मीही ठेवला. बरगड्यांच्या आत बारीक घुमत होतं, देवळातली घंटा वाजून गेल्यावर राहतं तसं. इक्बालभाई छातीवर हात ठेवून तसेच त्या म्हाताऱ्या म्हशीकडे बघत राहिले. "कमाल आहे," एवढंच म्हणाले.

तिसरा लावला. चावी फिरवली, दाबून धरलं, सोडलं, पुन्हा दाबलं. म्हशी रवंथ करत राहिल्या.

"या तर झोपल्या," बबन म्हणाला.

"हाच," डॉक्टर म्हणाल्या.

"मॅडम, एक सांगू?" इक्बालभाई आता गंभीर झाले होते. "आवाज जितका दाबाल तितका इंजिनाचा श्वास दाबला जातो. या गाडीसाठी हा फार गच्च आहे. रिकामी पळेल. वजन भरून चढ लागला की दमेल."

"बघते," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला, आणि त्यांचा तो अर्थ शब्दशः होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी हौद्यात घोडीच्या वजनाइतकी पेंडीची पोती भरली, मला शाळेतून उचललं आणि गाडी कात्रजच्या घाटाला घातली. पहिल्या वळणापर्यंत ठीक होतं. पुढे पिकअप धापा टाकायला लागली. पहिल्या गिअरमध्येही तिची सरकायची इच्छा दिसेना. मागून येणारे ट्रकवाले आमच्याकडे डोकावून पुढे जात होते. डॉक्टरांनी रुंद जागा बघून गाडी वळवली आणि थेट नाना पेठेत आणली.

"इक्बालभाई, तुमचं बरोबर," दुकानाच्या पायरीवरूनच त्या म्हणाल्या. "आता माझंही बरोबर करा."

मला वाटतं, इक्बालभाईंना त्या क्षणी बाई पूर्ण पटल्या. त्यांनी चहा मागवला. दोघं फूटपाथवर स्टूल टाकून बसले आणि एका रिकाम्या खोक्यावर खडूनं आकृत्या काढायला लागले. गच्च असा एकच डबा लावण्यापेक्षा मोकळेसे दोन, एकामागे एक. पहिल्यानं धक्का खायचा, दुसऱ्यानं घुमणं खायचं. नळी थोडी रुंद, म्हणजे श्वास मोकळा. पण दुसरा डबा हौद्याखालच्या त्या जागेत मावेल असा कुठून आणायचा? इक्बालभाईंची नजर कोपऱ्यात गेली. फुरसुंगीच्या त्या तरुणाचा सायलेन्सर अजून तिथंच पडला होता. आख्खा बसत नव्हता, पण त्याची टोकं कापली तर मधला डबा अगदी हवा तसा होता.

"शेपूट कुठं काढू?" इक्बालभाईंनी विचारलं.

"मागे नको, धूर उलटा हौद्यात शिरतो. डावीकडे नको, तिकडे माणसं चालतात. उजवीकडे काढा आणि तोंड जमिनीकडे करा. आणि सगळं न गंजणाऱ्या पोलादात. माझे पेशंट कुठंही कार्यक्रम उरकतात."

दोन दिवसांनी गाडी आली. घाटात नेली, पोत्यांसकट चढली. गोठ्यात नेली, म्हशी रवंथ करत राहिल्या. सोसायटीत आली, तर काही दिवसांतच करंदीकर जिन्याशी भेटले.

"डॉक्टर, हल्ली आपली गाडी गेलेली कळत नाही."

"झालं का समाधान?"

"समाधान कसलं? आपली गाडी गेली की मी उठत असे. आज साखरझोपेत सूर्य वर आला."

पण गाडी शांत झाली म्हणून रोशनी लगेच चढेल, असं डॉक्टरांनी गृहीत धरलं नाही. रोज सकाळी त्या पिकअप घेऊन भवानी पेठेतल्या त्या गल्लीत जायच्या आणि इंजिन बंद करून नुसत्या उभ्या राहायच्या. पहिल्यांदा भिजवलेले हरभरे गाडीपासून लांब ठेवले. मग थोडे जवळ. मग फळीवर. मग इंजिन चालू ठेवून फळीवर. रोशनी मान लांब करून हरभरे उचलायची आणि दोन पावलं मागे सरायची. डॉक्टर तिच्याशी बोलत राहायच्या. "अहो, घ्या. संकोच करू नका. तुमच्यासाठीच आणलेत." गल्लीतल्या बायका खिडक्यांतून हसायच्या. आठवडा संपत आला होता. पू वाढला होता, पाय सुजला होता. मी एकदा न राहवून म्हणालो, "डॉक्टर, उशीर होतोय." त्या म्हणाल्या, "माहीत आहे." आणि हरभऱ्याची परात आणखी वीतभर आत सरकवली.

ज्या सकाळी रोशनी स्वतःहून हौद्यात चढली, त्याच सकाळी आम्ही निघालो. चाचा तिच्या मानेशी उभे राहिले. मी पुढे डॉक्टरांच्या शेजारी. चावी फिरवायच्या आधी त्यांनी उजव्या हाताचा तळवा शर्टाला पुसला.

"मास्तर, तू मागच्या काचेतून फक्त तिचे कान बघायचे. रस्ता मी बघते. कान कुठं आहेत ते सांगत राहा."

इंजिन सुरू झालं. "कान?"

"वर. ताठ."

"पुढे की मागे?"

"एक पुढे, एक मागे."

"विचार करतेय. करू दे."

आम्ही हळूहळू निघालो. शहरातून जाताना मी रस्त्याकडे पाहिलंच नाही. पुलावर कान पुढे होते, बसच्या हॉर्नला मागे गेले, परत पुढे आले. चाचा तिच्या मानेवरून हात फिरवत काहीतरी गुणगुणत होते. अर्ध्याहून जास्त वाट सरली असेल. एका सिग्नलला आम्ही थांबलो आणि मला आवाज आला. डावीकडून एक मोटारसायकल आली, तसलीच, बंदुकीसारखे बार काढणारी. ती बरोबर आमच्या हौद्याशेजारी येऊन थांबली. पोरानं ॲक्सिलरेटर पिळला.

"डॉक्टर, कान पडले. पार मागे, डोक्याला चिकटले."

मी वाक्य पुरं करेपर्यंत डॉक्टर दार उघडून खाली उतरल्या होत्या. भर चौकात, सिग्नल लाल असताना, रबरी बुटांत, त्या थेट पोराजवळ गेल्या. ओरडतील असं मला वाटलं. त्यांनी त्याच्या हँडलवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "बाळा, मागे पेशंट आहे. तुझ्या गाडीसारख्याच एका गाडीला घाबरून तिचा पाय मोडलाय. आम्ही पुढे जाईपर्यंत इंजिन बंद ठेवशील?"

पोरानं हौद्याकडे पाहिलं. फळ्यांमधून रोशनीचा एक मोठा, पांढरा झालेला डोळा त्याच्याकडे बघत होता. त्यानं चावी काढली. नुसती फिरवली नाही, काढून मुठीत धरली. सिग्नल सुटला, मागच्या गाड्या हॉर्न द्यायला लागल्या, तरी तो पायानं मोटारसायकल ढकलत बाजूला घेऊन गेला.

"कान?" गाडी पुढे काढत डॉक्टरांनी विचारलं.

"मागेच आहेत." थोड्या वेळानं म्हणालो, "एक उठला." आणि मग, "दोन्ही."

हॉस्पिटलच्या फाटकातून आत वळताना त्या मोठ्यानं म्हणाल्या, "होईल."

आणि झालं. हाडाची कपची निघाली ती सुपारीएवढीसुद्धा नव्हती. अन्वरचाचांनी ती हातावर घेतली, बराच वेळ बघितली आणि बाहेरच्या झाडाखाली पुरली. रोशनी पुढे नीट चालायला लागली, किंचित लंगडत का होईना. चाचांनी तिला वरातीला पाठवणं बंद केलं. "तिनं खूप लग्नं लावली," ते म्हणाले. "आता आराम." डॉक्टर तिला बघायला जात राहिल्या. कारण काही नसायचं, तपासायचंही काही नसायचं. "चहा प्यायला जाते," म्हणायच्या.

इक्बालभाईंनी नंतर तसले दोन डबे जोडून आणखी काही गाड्यांना बसवले. एक कोंबडीवाला होता, एक काचेच्या तावदानांचा व्यापारी. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "म्हशींनी पास केलेला माल आहे." त्यांचा चष्मा तेव्हा कपाळावर असायचा.

हडपसर-मांजरीचे गोठे हळूहळू कमी झाले. एका जागी इमारत आली, दुसऱ्या जागी गाड्यांची शोरूम. बबनही म्हशी घेऊन सासवडच्या पुढे गेला. एक दिवस डॉक्टरांनी घर विकायला काढलं. मी खाली गेलो तर त्या बूट पुसत बसल्या होत्या.

"अहो, पण एवढी वर्षं इथं काढलीत," मी म्हणालो.

"पेशंट गावाबाहेर गेले, मास्तर. मी इथं बसून कुणाला तपासू? तुला?"

त्यांनी सासवडकडे चार खोल्यांची जागा घेतली आणि मोठ्या जनावरांसाठी स्वतःचा दवाखाना काढला. साठीच्या उंबरठ्यावर, आणि कुणाचाही सल्ला न घेता. निघताना करंदीकर फाटकापर्यंत आले होते. "आपल्यामुळे सोसायटीला एक दर्जा होता," ते म्हणाले, आणि लगेच, "कोणता, ते मात्र ठरवता आलं नाही." डॉक्टर इतक्या हसल्या की त्यांना गाडीला टेकावं लागलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. एका लग्नासाठी बोपदेव घाटातून बसनं चाललो होतो. वरच्या वळणावर बस थांबली. रस्ताभर मेंढरं पसरली होती आणि त्यांच्या मधोमध, अगदी रस्त्यावर, जगदाळे डॉक्टर गुडघे टेकून बसल्या होत्या. एका मेंढीचं डोकं त्यांनी काखेत धरलं होतं आणि तिच्या तोंडात काहीतरी औषध ओतत होत्या. शेजारी धनगराची बायको बाटली धरून उभी. आमच्या ड्रायव्हरनं हॉर्न दिला. डॉक्टरांनी मागे न बघता एक हात वर केला. ड्रायव्हर पुन्हा हॉर्न देईल असं मला वाटलं, पण त्यानं सीटला पाठ टेकली आणि तंबाखू मळायला घेतली.

मेंढी सुटली, अंग झटकून कळपात शिरली. डॉक्टर उठल्या, गुडघे झाडले, मेंढरं बाजूला काढायला लावली आणि चौकातल्या पोलिसासारखा हात करून बसला वाट दिली. बस त्यांच्या शेजारून जाताना मी खिडकीतून अर्धा बाहेर वाकून हात हलवला, हाकही मारली. त्यांनी ऐकलं की नाही, सांगता येत नाही. तोवर त्या दुसऱ्या मेंढीचं तोंड उघडून तिचे दात बघायला लागल्या होत्या.